मृत्यूची अंदाजे वेळ

"डॉक्टर, फॉर्म भरून टाका. मृत कासव, एक. मी वर कळवतो," वनपाल फोनवर म्हणाले.

"बरं," मी म्हणालो.

शनिवारी सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत मी उकिडवा बसलो होतो. समोर ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. मान वाळूत टाकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. कवचाची लांबी अडुसष्ट सेंटिमीटर, मी दोनदा मोजली.

मी सरकारी पशुवैद्यक. रोजचं काम गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्र्यांचं. कासव वर्षातून एखादं येतं, तेही वन खात्याचा फोन आला तर. बायको आणि मुलगी सावंतवाडीला असतात, मुलीच्या शाळेमुळे. मी इथे खोली घेऊन राहतो. शनिवारी अडीचची एसटी पकडून तिकडे जातो, सोमवारी पहाटे परत. वर्षाचे बावन्न शनिवार. मागच्या वर्षी त्यातले एकतीस जमले.

कासव दाजींच्या जाळ्यात सापडलं होतं. दाजी साठीचे, स्वतःची लहान होडी. सकाळी सातला जाळं ओढलं तेव्हा ते हलत नव्हतं. दाजींनी जाळं कापून त्याला मोकळं केलं आणि किनाऱ्यावर आणलं.

"दुसरा ह्या," ते मला म्हणाले. "गेल्या वर्साक एक, आता ह्या. माझ्याच जाळ्यात येतत. देव आसा तो, डॉक्टरांनू. ह्येका पाण्याक दिल्याशिवाय मी होडयेक हात लावचंय नाय."

इथे जाळ्यात आलेल्या कासवाला कुंकू लावतात, नारळ ठेवतात आणि समुद्रात सोडतात. जिवंत असलं तरी आणि मेलेलं असलं तरी. काकी, म्हणजे दाजींची बायको, ताट आणायला सुरूंपलीकडच्या घरी गेल्या होत्या. अकराच्या भरतीला सोडायचं ठरलं होतं.

मी फॉर्म काढला. जात, लांबी, जागा, साक्षीदार. मग रकाना आला : मृत्यूची अंदाजे वेळ.

तिथे मी अडलो. गाय मेली तर तिच्या अंगाच्या उष्णतेवरून वेळेचा अंदाज बांधता येतो. सस्तन प्राणी आणि पक्षी अंगात स्वतःची ऊब तयार करतात. मेल्यावर ती किती उतरली ते पाहायचं. मासे, बेडूक आणि सरपटणारे प्राणी तसं करत नाहीत. त्यांचं अंग साधारण आजूबाजूच्या हवेपाण्याइतकंच असतं. कासव जिवंत असतानाही हाताला गारच लागलं असतं. थर्मामीटर पिशवीत परत ठेवला.

उरला ताठरपणा. मागचा पाय उचलून पाहिला. वल्ह्यासारखा चपटा पाय, पण आत आपल्या पायासारखीच पाच बोटांची हाडं. पाय सैल होता. तो खाली ठेवताना शेपटीखाली माझं बोट लागलं आणि तिथली कातडी आकसली.

मी पुन्हा बोट लावलं. पुन्हा आकसली. नऊ पंचवीस.

माझी चूक तेव्हा लक्षात आली. मी कासवाला गाईसारखं तपासलं होतं. मिनिटभर कुशीकडे बघत बसलो होतो, कवचाला स्टेथोस्कोप लावला होता. गाय मिनिटाला वीस-पंचवीस श्वास घेते, तिच्यासाठी एक मिनिट पुरतं. कासवाच्या बरगड्या कवचाला जुळलेल्या असतात, त्यामुळे त्याची छाती वरखाली होतच नाही. आतले स्नायू फुप्फुसं दाबतात आणि सोडतात. शिवाय त्याला प्राणवायू कमी लागतो. दोन श्वासांत कितीतरी मिनिटं जाऊ शकतात. हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

"दाजी, ह्याला पाण्यात सोडू नका. ह्यात जीव आहे."

"जीव आसा तर सोडूकच होयो! पाण्याचो जीव पाण्यात नाय सोडूचो तर खंय सोडूचो?"

"ते पाण्यात राहतं, पण श्वास वर येऊन घेतं. मासा कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतो. ह्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत, तुमच्यासारखी. तुम्ही बेशुद्ध पडलात तर तुम्हाला समुद्रात टाकू?"

दाजी म्हणाले, "आधी तुम्हीच सांगलास, मेला म्हणान."

"सांगितलं. चुकलं."

"मगे आता बरोबर कशावरना?"

दोघांनी मिळून कासवाची मागची बाजू माशांच्या क्रेटवर टेकवली. डोकं उताराला आलं, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघून जाईल. पाठीवर ओला गोणपाट टाकला, नाक उघडं ठेवलं. दाजी म्हणाले, "काय ता करा. अकरा वाजता मी येतंय," आणि घराकडे गेले. बघे आधीच पांगले होते.

मग मी आणि कासव. लाटा येत होत्या आणि जात होत्या. मी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

दहा वाजून सहा मिनिटांनी कासवाने मान लांब केली, तोंड उघडलं, घशातून खरखर आवाज आला, फेसाळ पाणी वाळूवर पडलं. मान परत खाली. सगळं मिळून दोन सेकंद.

"दाजी! काकी!" मी ओरडलो. काकी धावत आल्या. चार-पाच मिनिटं उभ्या राहिल्या. कासव दगडासारखं पडून होतं.

"डॉक्टरांनू, सकाळी काय खाल्लास?"

"चहा."

"म्हणानच. तुमका एकट्याकच दिसता ता." त्या हसल्या आणि परत गेल्या. माझ्यासाठी घावणे पाठवते म्हणाल्या.

पुढचा श्वास दहा वीसला आला. मग दहा एकतीस, एकोणचाळीस, सत्तेचाळीस. फॉर्मच्या मागच्या बाजूला मी अंतरं लिहिली : चौदा, अकरा, आठ, आठ. मधल्या वेळात स्वतःचे श्वास मोजले. मिनिटाला पंधरा. पहिल्या चौदा मिनिटांत माझे दोनशे दहा झाले होते आणि तिचा एक. शेपूट आखूड होती म्हणून ती मादी, हे मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अडीचची मिळेल ना?"

"नाही वाटत. कासव आहे."

"कासवासोबत दुसरं कोणी नाही बसू शकत?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि थांबली. मीही थांबलो. ते अंतर मी मोजलं नाही.

दहा पन्नासला दाजी आले. हातात नारळ, मागे ताट घेऊन काकी, कासव उचलायला दोन गडी. मी उठून आडवा उभा राहिलो.

"दहा मिनिटं बसा. ह्याने श्वास घेतला नाही तर न्या. मी अडवणार नाही."

असा शब्द द्यायला नको होता. पण अंतरं कमी होत चालली होती. पुढचा श्वास दहा पंचावन्नला यायला हवा होता.

सगळे वाळूत बसले. पंचावन्न झाले, काही नाही. सत्तावन्न झाले. गड्यांपैकी एक म्हणाला, "डॉक्टर, घड्याळ बंद पडला की काय?" कोणी हसलं नाही. अकराला दाजी गुडघ्यावर हात टेकून उठले.

"झाली धा मिन्टा."

मी बाजूला झालो. शब्द दिला होता.

"वायच बसा हो," काकी म्हणाल्या. "पाणी खंय पळान जाता? नारळाक शेंडी ठेवक नाय तुम्ही. ती नीट करा आधी."

दाजींनी नारळाकडे पाहिलं. शेंडी होती. तरी ते बसले.

अकरा वाजून दोन मिनिटांनी तिने मान वर केली, तोंड उघडलं आणि श्वास घेतला. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. पंधरा मिनिटं. माझ्या सगळ्या आकड्यांत हे अंतर मोठं होतं.

दाजींच्या हातातला नारळ वाळूत पडला. काकींनी पुढे होऊन कवचावर कुंकू लावलं आणि ताट उचलून घराकडे चालू लागल्या, घावणे गार होतील म्हणून.

मी वनपालांना फोन लावला. "कासव जिवंत आहे."

"अहो, मी मृत कळवलंय."

"आता जिवंत कळवा."

"आणि फॉर्म?"

"तोच. खाडाखोड करून शेजारी सही करतो."

"किती खाडाखोड?"

"बरीच."

दुपारनंतर ती दोन-तीन मिनिटांनी श्वास घेऊ लागली आणि पाय मारू लागली. रात्री तिला दाजींच्या पडवीत ठेवलं. रविवारी सकाळी सव्वाआठला दाजींनी तिला स्वतः उथळ पाण्यात सोडलं. ती दोनदा डोकं वर काढून श्वास घेताना दिसली, मग दिसली नाही.

दाजी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. वळून न बघता त्यांनी विचारलं, "डॉक्टरांनू, गेल्या वर्साचा ता... त्येका पण असाच ठेवला असता तर?"

गेल्या वर्षी ते कासव मीच तपासलं होतं. एक मिनिट.

"माहीत नाही, दाजी."

त्यांनी मान हलवली. सोमवारी त्यांनी होडी काढली, असं काकींकडून कळलं.

तेव्हापासून न हलणाऱ्या कासवाचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी भरतो. वरून विचारणा होते, उशीर का. मी लिहितो, मोजणी चालू होती.

दाजींच्या दोन्ही कासवांचे फॉर्म माझ्या फाइलमध्ये आहेत. त्या शनिवारच्या फॉर्मवर नऊ ठिकाणी खाडाखोड आहे आणि नऊ सह्या. त्याच्या आदल्या वर्षीच्यावर 'मृत्यूची अंदाजे वेळ : सकाळी सात' असं लिहिलेलं आहे. त्यावर एकही खाडाखोड नाही. फाइलमधला तो सगळ्यात स्वच्छ कागद आहे.