पाण्याच्या तोंडाबरोबर

कालव्याच्या सगळ्या दारांची चावी शेवटच्या शेतवालीकडे द्यायची, असं वरच्या आणि खालच्या गावांनी भांडून भांडून एकदाचं ठरवलं, तेव्हा वरच्यांनी कपाळाला हात लावला. युक्ती साधी होती. शेपटाच्या शेतात पाणी पोचलं, म्हणजे वाटेतल्यांना मिळालेलंच असणार. पण या बाईने स्वतःसाठी वरची दारं लवकर पाडून बंद केली तर? म्हणून जोडीला एक नियम आला: ज्याची पाण्याची पाळी चालू असेल, ती संपेपर्यंत त्याच्या दाराला तिने हात लावायचा नाही.

तेव्हापासून तिला सगळे पाटकरीण म्हणू लागले. बोलायला फटकळ, चालायला चपळ. नदीवरचं दार उघडलं की ती काठाने पाण्याच्या तोंडाबरोबर चालायची. कोरड्या कालव्यात पाणी धावत येतं असं लोकांना उगाच वाटतं. ते रांगतं. वाळलेली पानं, फेस, घाबरलेल्या मुंग्या पुढे ढकलतं, भेग दिसली की थांबून ती भरतं, मग पुढे. दर वेळी तिची बोलती बंद व्हायची, आणि ते काही सोपं काम नव्हे.

यंदा नदी रोडावलेली. तिचा गहू ओंबीवर आला होता. हे पाणी चुकलं तर दाणा भरणार नव्हता. आणि शेत हाकेवर असताना पाणी थांबलं. थांबलं म्हणजे थांबलंच.

बरोबर धाकटी जाऊ होती. शेत दोघींचं.

"वर तडतडेकाकांचं दार उघडं आहे," जाऊ म्हणाली. "चावी शोभेला लावलीय का, जाऊबाई?"

"त्यांची पाळी चालू आहे."

"पाळी संपेल तोवर गहू संपेल!"

"संपू दे. आज मी दार पाडलं, तर उद्यापासून पुन्हा काठ्या निघतील."

म्हणाली खरी, पण पुन्हा पुन्हा गव्हाकडे बघत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. तडतडेकाकाच. "ए पाटकरीण! भरलं माझं शेत. पाडलं मी दार."

"पाळी संपायच्या आधी?"

"तूच डोकं खाल्लंस ना, जमीन सपाट करा, वाफे लहान करा! अर्ध्या पाण्यात काम झालं. आजवर उरलेलं ओढ्यात जायचं आणि मी खुशाल घोरायचो. आता उपदेश नको, ठेवतो."

तरी पाणी हलेना. वरून इथवर यायचं होतं त्याला. दोघी काठावर उकिडव्या बसून राहिल्या. मग एक वाळकं पान जागच्या जागी फिरलं. फेस फुगला. आणि पाणी, जणू दम खाऊन झाला म्हणून, उठून चालू लागलं. डोंगरापलीकडून निघालेली नदी, एवढ्या शेतांना पाजून, त्यांच्या बांधाशी आली आणि आत वळली. तापलेल्या भेगांतून बुडबुडे निघाले, बारीक चुरचुर सुरू झाली.

"जाऊबाई, माती बोलतेय की काय?"

"बोलतेय ना. मग तू गप्प बस की."