खोकून दाखवा

यवतला स्टँडसमोर ज्यांचं मेडिकल आहे, त्या मामांकडं पोरांच्या खोकल्याची बाटली मागितली की ते म्हणतात, "पोरगं कसं खोकतंय? खोकून दाखवा." त्यामुळं तिथं भलेभले कारभारी काउंटरला धरून खोकत असतात. बहुतेकांना मामा बाटलीविना घालवतात. "सर्दीचा हाय. कोमट पाणी पाजा, जाईल आपोआप."

एकदा मी नातीचा खोकला करून दाखवला. कुत्रं भुंकावं तसा. रांग हसली. मामा हसले नाहीत.

"श्वास घेताना घरघर होती?"

"व्हय."

मामांनी तिथंच शटर ओढलं, माझ्या घरी आले आन् नातीला स्वतःच्या गाडीवरून डॉक्टरकडं पोचवलं.

नात बरी झाली. भुंकलं की मामा गाडी काढतात, हे गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी मेडिकलपुढं अख्खी रांग भुंकत होती.