मिनिटाला दहा गॅलन

आमच्याकडे बोअरचं पाणी इंचात सांगतात. औरादजवळच्या आमच्या शेतात बोअर मारली, तेव्हाही गाडीवाला "दीड इंच" म्हणाला आणि निघून गेला. माझ्या वडिलांना, अप्पांना, तेवढं पुरेसं होतं. मला नव्हतं. त्यांना तिथे पेरूची बाग लावायची होती आणि झाडं किती लावायची, हे दीड इंचावरून ठरेना. मी बिदरला राहते, दर रविवारी शेतावर जाते आणि कामांच्या यादीची वही बरोबर असते.

अमेरिकेतल्या भावाकडून मी पाणी मोजायचं मीटर मागवलं. पाइपाला जोडून मोटर सुरू केली. काटा दहावर थांबला. मिनिटाला दहा गॅलन. एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर, हे शाळेत पाठ केलेलं. म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस लिटर. वीज रोज सहा तास, तर सोळा हजार दोनशे लिटर. भर उन्हाळ्यात वाढलेल्या झाडाला रोजचे चाळीस धरले. चारशे झाडं बसत होती.

शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "आता आपलं पाणी अमेरिका मोजायलीय व्हय?" अप्पा हसले आणि रोपवाटिकेत चारशे रोपं सांगून आले.

दोन वर्षं काही कळलं नाही. लहान झाडांना पाणी थोडंच लागतं. तिसऱ्या उन्हाळ्यात शेवटच्या ओळींची पानं गुंडाळू लागली. ठिबकची पाळी त्यांच्यापर्यंत यायची तोवर वीज जायची. काटा मात्र अजूनही दहावरच होता. हिशोब पुन्हा बघते म्हटलं, तर अप्पांनी ऐकलं नाही.

"तुझी वही कामून चुकंल? ह्या नळ्याच बुजायल्यात."

सुई घेऊन ते एकेक भोक मोकळं करत बसले. त्यानंही भागेना, तेव्हा काकांच्या विहिरीवरून घागरी आणून शेवटच्या झाडांना घालू लागले. सत्तरी कधीच उलटली होती. उजव्या खांद्याचं कातडं सोलून निघालं, तेव्हा त्यांनी घागर डाव्या खांद्यावर घेतली.

याच दिवसांत भावाचा फोन आला. बागेचं सांगताना मी साडेचार लिटर म्हणाले. त्याने मला थांबवलं. त्याच्याकडचा गॅलन लहान असतो, पावणेचार लिटरच्या जरासा वर. साडेचारचा तो इंग्रजांचा. मी फोन ठेवून पुन्हा मांडणी केली. मिनिटाला अडतीस लिटरसुद्धा पुरते नव्हते. झाडं तीनशे चाळीस. उरलेल्या साठ झाडांसाठी त्या बोअरमध्ये कधी पाणी नव्हतंच.

त्या रविवारी सांगायचं ठरवून गेले. अप्पा घागर घेऊन येत होते, मला बघून हसले. मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी त्यांना घागर खाली ठेवायला लावली आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. शेवटच्या ओळीकडे बघून त्यांनी विचारलं,

"कवा कळलं तुला?"

"पंधरा दिवस झाले, अप्पा."

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "मी पाणी वाहायलालो. तू बघायलालीस."



साठ झाडं त्यांनी स्वतः काढली. काहींना कोवळी फळं धरली होती, ती काकांच्या शेळ्यांना गेली. बाकीची बाग तगली, आता चांगली धरते.

मी रविवारी जाते. अप्पा चहा करायला सांगतात, प्रकृती विचारतात. यंदा त्या रिकाम्या पट्ट्यात तूर पेरायची होती. बी किती लागेल, हे त्यांनी बांधापलीकडे हाक मारून काकांना विचारलं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.