हॉलमध्ये कांदा की पोरं?

समाजसेवा करणाऱ्या माणसाकडं पैसा जमत नाही, मान तर मुळीच नाही. जमतात ते किस्से. आमच्या केंद्रात तर ते लग्नघरातल्या भांड्यांसारखे साठलेत, कुठलं कोणाचं ते आता सांगता येत नाही. पाहुणे आले की मी एखादा काढते आणि ते पोट धरून हसतात. हसू देत बापडे! घडत होते तेव्हा माझं काय होत होतं, ते माझ्या बीपीच्या गोळ्यांना विचारा.

मिरजगावच्या पुढं, हायवे सोडून आत आमचं गाव आहे. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. रिटायर होऊन गावी आले, तेव्हापासून सगळे मला सिस्टरच म्हणतात. भीमनगरातलं समाजमंदिर रिकामं पडलं होतं, तिथं आम्ही पोरांचा अभ्यास सुरू केला. मग शिवणक्लास आला, मग वाचनालय. दसरा झाला की वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि त्यांची पोरं आमच्याकडं राहतात. स्वयंपाक शकुंतलाआक्का करते. रात्री मुली समाजमंदिराच्या हॉलमध्ये झोपतात आणि आक्का दाराशी आडवी. मुलगे काशिनाथभाऊंच्या पडवीत. सामान आणायलाही काशिनाथभाऊच, त्यांचा टेम्पो आहे. पगार कोणालाच नाही, कटकटी सगळ्यांना!

हॉल मात्र ग्रामपंचायतीचा. मागच्या पावसाळ्यात पंचायतीतले एक मेंबर, बापूसाहेब, यांच्या मनात आलं की तो कांद्याच्या व्यापाऱ्याला गोडाऊन म्हणून भाड्यानं द्यावा. ही बातमी भीमनगरात पोचली त्याच दिवशी सुमनबाई माझ्याकडं आली. नवरा-बायको दोघं तोडीला जातात. त्यांची दीक्षा दहावीला.

"सिस्टर, हाल हाय म्हनून मी निवांत जाते," ती म्हणाली. "उद्या हाल न्हाई तर वयात आलेली पोर कुनाच्या दारात टाकू? मग ती माझ्यासंगं येनार. आमी तोडनार, ती मोळ्या बांधनार."

"आणि परीक्षा?"

"ते तुमी बघा. मी तरी काय करू?"

एवढं बोलून ती चहा न घेता गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

चार दिवसांत बापूसाहेब व्यापाऱ्याला घेऊन हॉल मोजायला आले! पोरं अभ्यासाला बसलेली. यांनी चपला घालूनच आत पाऊल टाकलं आणि खिशातून टेप काढला. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. समोर दीक्षा बसलेली.

"ए पोरी, धर हे."

आमच्या पोरांना मोठ्या माणसाचं ऐकायची सवय. तिनं वही बाजूला ठेवून टोक धरलं, भिंतीला टेकवलं, वर "अजून जरा ताना काका, झोळ पडलाय" असंही सांगितलं. मी दारातून बघत होते आणि माझी कानशिलं तापली होती. जिच्या डोक्यावरचं छप्पर चाललंय, तीच बिचारी माप देतेय.

माप झालं. व्यापारी खूश होऊन म्हणाला, "हुशार हाय पोरगी."

"काका, हितं काय बसवनार?"

"कांदा."

"आन आमी कुठं बसायचं?"

व्यापाऱ्यानं बापूसाहेबांकडं बघितलं. बापूसाहेबांनी टेपकडं बघितलं. टेप सरकन आत गेला आणि बापूसाहेबांचं बोट कापलं. आता पट्टी कोणी बांधायची? नर्स एकच होती तिथं! बांधली मी. जरा आवळूनच बांधली.

*

त्याच सुमारास हॉलचा पत्रा वाऱ्यानं उचलला गेला. गळकं छप्पर दाखवून "इमारत पोरांसाठी धोकादायक" म्हणायला बापूसाहेब टपलेलेच होते, म्हणून पत्रा सकाळपर्यंत बसवायलाच हवा होता. मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "उद्या सकाळी सहाला सगळ्यांनी या."

अंगठ्यांचा नुसता पाऊस! कोणी हात जोडले, कोणी निळं हृदय पाठवलं, एकानं तर पुण्यातून "सिस्टर, तुम्हाला सलाम" असं लिहिलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

सकाळी सहाला मी, आक्का आणि काशिनाथभाऊ. बस!

भाऊ शिडी लावून वर चढले, एका हातानं पत्रा दाबून धरला आणि वरूनच ओरडले, "सिस्टर, ग्रुपवर लिहा, अंगठ्यानं पत्रा बसत न्हाई! हातुडी घेऊन या म्हनावं!"

मी तसंच्या तसं लिहिलं. त्यालाही अंगठे आले.

*

मग मला वाटलं, बाहेरची मोठी माणसं पाठीशी असली तर बापूसाहेब दबकतील. ओळखीतून पुण्याच्या एका कंपनीची मंडळी आली. दप्तरं वाटायची होती. बरोबर फोटोग्राफर.

पोरं एवढी खूश की विचारू नका. नवी दप्तरं छातीशी धरून सगळी दात काढून उभी. फोटोग्राफर काही केल्या बटण दाबेना. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, यांना जरा गंभीर व्हायला सांगा ना. असे फोटो चालत नाहीत, गरजू वाटत नाहीत ही."

माझ्या जिभेवर जे आलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण मी काही बोलायच्या आत चुलीपाशी बसलेली आक्का म्हणाली, "सायेब, चुकीच्या टायमाला आला. आत्ताच जेवलीत ती. जेवायच्या आदी यायचं, तवा हासत न्हाईत."

मंडळी तडक गाडीत जाऊन बसली. पाठीशी उभं राहणं लांबच, परत फोनसुद्धा आला नाही. मी आक्काला रागवायला गेले आणि मलाच हसू फुटलं. पण मनात धाकधूक होतीच, दसरा जवळ येत चालला होता.

*

हॉलचं वीजमीटर आक्काच्या सासऱ्याच्या नावावर आहे. सासरे वारून जमाना झाला. नाव बदलायचं कोणाला सुचलंच नाही. कोणी तरी ही गोष्ट वर कळवली. कोणी ते मी सांगत नाही, पण त्याच्या बोटाला अजून पट्टी होती! सहामाही परीक्षा तोंडावर आणि वायरमन खांबापाशी हजर.

"मालकाला बोलवा. ते समोर आले तर ठीक, न्हाईतर मला लाईन बंद करावी लागंल," तो म्हणाला. पोरगा नवीन होता, त्याला काय माहीत!

दीक्षा पुस्तक मिटून उठली.

आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "मालक म्हंजी माजा सासरा. बोलवा की बाबा त्यास्नी, मी कवाची वाट बघती. मलाबी लई बोलायचं हाय त्यांच्याशी! म्हशी इकल्या त्या कुनाला इचारून इकल्या ते इचारायचंय आदी."

वायरमनला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. झाला तसा तो कसनुसा हसला, म्हणाला नावाचं तेवढं लवकर करून घ्या, आणि पक्कड पिशवीत टाकून निघाला. जाताना आक्कानं त्याला दोन भाकरी बांधून दिल्या.

*

यापुढचं प्रकरण मात्र भलतंच तापलं. एके सकाळी जाऊन बघते तर हॉलच्या दाराला आमच्या कुलुपाशेजारी दुसरं कुलूप. नवं कोरं, पितळी. किल्ली बापूसाहेबांकडं. पोरं पायऱ्यांवर बसलेली, पुस्तकं आत, शिधाही आत.

काशिनाथभाऊ टेम्पोतून पहार घेऊनच उतरले. मी आडवी आले. "भाऊ, पंचायतीचं कुलूप तोडलं तर केस होईल. त्यांना तेच पाहिजे!"

भाऊ थांबले. दाराच्या समोर उभे राहून त्यांनी बिडी ओढली, मग बिडी विझवून ते कुलपाकडं न जाता बिजागऱ्यांच्या बाजूला गेले. ते दार आमच्या भाऊंनीच बसवलेलं होतं. दोन्हीकडं खालून पहार घातली, जोर लावला, आणि बिजागऱ्यांतून निखळलेली दोन्ही फळ्यांची जोडी कुलपांसकट उचलून भिंतीला उभी केली!

"चला पोरांनो, बसा अभ्यासाला."

दुपारी बापूसाहेब सरपंचांना घेऊन आले. सरपंच तसे सज्जन, पण दोन्ही बाजूंना घाबरणारे. "कुलूप कुनी तोडलं?" त्यांनी विचारलं.

"कुठं तोडलंय? बघा की, जसंच्या तसं हाय," भाऊ म्हणाले. "मी कुलपाला हातबी लावला न्हाई."

सरपंच भिंतीशी उभ्या दाराकडं गेले, कुलूप ओढून बघितलं. पक्कं लागलेलं होतं! बापूसाहेब लालबुंद झाले. सरपंच हसू दाबत म्हणाले, "आता हे गावातच ठरू द्या. ग्रामसभा घेऊ."

*

ग्रामसभेचा दिवस बापूसाहेबांनी बरोबर साधला. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचा दिवस! आईबाप श्रीगोंद्याकडच्या कारखान्यांवर रवाना झाले की हॉलसाठी भांडायला उरतं कोण?

पंचायतीच्या ऑफिसात जागा नाही म्हणून सभा आमच्याच हॉलमध्ये भरली. बाहेर चौकात ट्रॅक्टर उभा. दोन ट्रॉल्या गाठोड्यांनी भरलेल्या आणि गाठोड्यांवर दीक्षा बसलेली. सुमनबाईनं मुकादमाला थोपवून धरलं होतं. "निकाल लागू द्या. लागला तर पोरीला उतरवते, न्हाईतर चला." मुकादम दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता.

भाषणं झाली. बापूसाहेब गावाच्या उत्पन्नावर बोलले, मी पोरांवर बोलले. शेवटी सरपंच म्हणाले, "केंद्र ऱ्हावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही!

मी वळून बघितलं. आमची सगळी माणसं बसलेली होती. आक्का, काशिनाथभाऊ, शिवणक्लासच्या बायका, पत्र्याच्या दिवशी न आलेले अंगठेवाले, सगळे. आणि सगळ्यांचे हात मांडीखाली! तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ही माझीच करणी. आमच्या रविवारच्या मीटिंगला ज्याचा हात वर दिसेल त्याला मी काम लावते. भाऊंनी एकदा डास हाकलला तर त्यांना पाण्याची टाकी धुवायला लागली होती. तेव्हापासून "हात वर करा" हे शब्द ऐकले की आमची माणसं हातांवर बसतात!

"लिहा भाऊसाहेब," बापूसाहेब ग्रामसेवकाला म्हणाले, "एकमतानं..."

"अरे, काम नाही देणार!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "कोणालाच काम नाही! हात वर करा मेल्यांनो!"

भराभर हात वर झाले. आक्काचे तर दोन्ही.

"हे चालनार न्हाई!" बापूसाहेब उठून उभे राहिले. "एकदा मत झालं ते झालं. आन ज्यांची पोरं हितं ऱ्हात्यात ते तर गावात ऱ्हातच न्हाईत. त्यांचा काय संबंध?"

गलका झाला. कोण काय बोलतंय कळेना. सरपंच कपाळ पुसत दाराकडं बघायला लागले. दारात सुमनबाई उभी होती.

"तुमी तर निघालात बाई," सरपंच म्हणाले. "तुमचं हितं कोन ऱ्हानार हाय, सांगा बरं."

सुमनबाई तशीच वळली. गेली ती गेलीच. मला वाटलं संपलं सगळं. बाहेर हॉर्न वाजला. मग ती परत आली, एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात दीक्षाचं मनगट. सगळ्या सभेतून वाट काढत ती सरपंचांच्या खुर्चीपाशी पोचली आणि गाठोडं त्यांच्या पायाशी ठेवलं.

"ही ऱ्हानार हाय. मी चालले. काय सांगायचं ते आता तुमीच सांगा हिला."

आणि ती खरंच गेली. मागं वळून बघितलंही नाही. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, मग लांब जात जात तो ऐकू येईनासा झाला.

सरपंच दीक्षाकडं बघत राहिले. बापूसाहेब काहीतरी बोलायला लागले. एवढ्यात शाळा सुटलेली पोरं एकेक करून आत आली, चपला बाहेर ओळीनं काढून भिंतीकडेला बसली आणि पुस्तकं उघडून वाचायला लागली. दीक्षानं डोळे पुसले, गाठोडं सोडलं, त्यातून भूमितीचं पुस्तक काढलं आणि आपल्या खिडकीपाशी जाऊन बसली. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि सरपंचांना म्हणाली, "काका, पाच वाजले. पाचनंतर हितं कुनी बोलत न्हाई."

पहिल्यांदा सरपंच उठले. त्यांच्यामागं एकेक करून सगळं गाव उठलं आणि पाय न वाजवता बाहेर पडलं. बापूसाहेबही. पायरीवर ग्रामसेवक सरपंचांच्या मागं धावला.

"सायेब, ठरावात काय लिहू?"

सरपंचांनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोल की रे! पोरं वाचत्यात."