आश्रमातले होकार

ती घटना आठवली की आजही प्रथम डोळ्यांपुढे येते ती माझी स्वतःची सही. अन्याय दुसऱ्याने केला होता. तो पुरा व्हायला फक्त फौजदाराच्या सहीची गरज होती, आणि ती मी केली होती. यातल्या कोणाचेही नाव इथे देत नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. मी पालघर ठाण्यात फौजदार होतो. तारापूरला वीज केंद्राचे बांधकाम चालू होते. बोईसरच्या रस्त्यावर खडीचे ट्रक, मजुरांच्या झोपड्या, अपघात, मारामाऱ्या. ठाण्यात माणसे तितकीच, तक्रारी मात्र रोज वाढत होत्या. कागद झटपट निकालात काढणारा अधिकारी हुशार समजला जाई. मीही स्वतःला हुशार समजत होतो.

उमरोळी स्टेशनपासून थोडे आत, एका चिकूच्या वाडीत अपंगांचा आश्रम होता. आंधळी, बहिरी, पायांनी अधू माणसे तिथे राहत आणि वेताच्या खुर्च्या विणत. व्यवस्थापक पूर्वी शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एके दिवशी दुपारी मास्तर लेखी तक्रार घेऊन ठाण्यात आले. आश्रमातल्या एका बहिऱ्या-मुक्या तरुणाने एका आंधळ्या म्हाताऱ्यावर हल्ला करून त्याच्या मनगटांना इजा केली, तरुण वेडसर व धोकादायक आहे, त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे, असा मजकूर होता. कायद्याने अशा इसमाला ताब्यात घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचा अधिकार ठाणे अंमलदाराला, म्हणजे मला, होता.

मी लगेच आश्रमात गेलो. अंगण सारवलेले, चटया सरळ, माणसे ओळीने बसलेली. म्हातारा खाटेवर होता. त्याच्या दोन्ही मनगटांना पांढऱ्या पट्ट्या होत्या.

"याचं नाव काय? कुठला हा?" मी मास्तरांना विचारले.

मास्तरांनी सांगितले, मी लिहून घेतले. म्हाताऱ्याला एकच प्रश्न केला, "त्या मुक्यानं मारलं?"

"मास्तर सांगतात तेच," म्हातारा म्हणाला.

मग तरुणाला समोर आणले. मास्तरांनी बोट वर केले आणि हातांनी काहीतरी दाखवले. तरुणाने खाली बघत मान हलवली.

"बघा, कबूल करतोय," मास्तर म्हणाले.

मी लिहिले, 'खुणेने कबूल'. अहवालाच्या पहिल्या रकान्यात लिहिले, 'नाव : मुका'. खाली सही केली आणि त्याला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे होते. एकदा इस्पितळाचा हुकूम झाला असता, तर ज्याचे बोलणे कोणाला कळत नाही अशा माणसाला तिथून कोण सोडवणार होते?

सकाळी आठला मी चहा घेत असताना ओसरीवर आवाज चढले. जवळच्या माहीम गावची एक कोळीण मासळीची पाटी घेऊन आली होती. माझा हवालदार किनाऱ्यावरच्या एडवणचा, वयस्क माणूस. तो तिला अडवत होता.

"पाटी भायेर ठेव, बाय. सायबांना वास येतो."

"वास येतो? मंग कालवन कसं उतरतं गल्यातून?" ती म्हणाली. "काका, मना आत सोड. माजा भाव हाय तुमच्या कोंडीत."

ती त्या तरुणाची थोरली बहीण होती. उमरोळीच्या बाजारात तिला कोणीतरी सांगितले, तुझ्या भावाला पोलिसांनी नेले. ती तशीच पाटीसकट निघाली होती.

"तो वेडसर आहे अशी तक्रार आहे," मी म्हणालो.

"बहिरा हाय, सायब. वेडा नाय. तीन आयतवार मी गेलू आश्रमात. मास्तर बोलला, झोपलाय. भर दुपारी झोपलाय, तीनी आयतवारी? आनि एक सांगते, त्या घराला कड्या हायेत त्या भायेरशी हायेत. मी बघितल्या."

मला पहिला धक्का बसला तो या वाक्याने. कड्या आदल्या दिवशी मीही पाहिल्या होत्या. नजरेखालून गेल्या होत्या, एवढेच.

मी विचारले, "तुझ्याशी तो बोलतो?"

"बोलतो तर. तुमच्यापेक्षा जास्त बोलतो."

किनाऱ्यावरच्या लोकांना हे ठाऊक आहे. वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून एका होडीवरून दुसऱ्या होडीवर हातांनी बोलतात. जाळे ओढ, सोड, खडक आहे, वारा फिरला. तिच्या घराने एका बहिऱ्या मुलासाठी तीच बोली वाढवत नेली होती. बाप असेपर्यंत तो बापाच्या होडीवर काम करत होता. बाप गेल्यावर, हातात कसब येईल म्हणून कोणीतरी त्याला आश्रमात घालायला सांगितले.

बहिणीला कोठडीजवळ नेले. ती गजांशी उभी राहिली आणि दोघांचे हात चालू झाले. इतका वेळ भिंतीला चिकटून बसलेला माणूस उठून उभा राहिला होता. त्याचे हात इतके भराभर चालत होते, की बहिणीनेच त्याला दोनदा थांबवले.

तिने सांगितलेली हकीकत मी लिहून घेतली. पण बहीण म्हणजे जवळचे नातेवाईक. तिच्या सांगण्यावर अहवाल फिरवता येत नव्हता. मी तिला मागच्या खोलीत बसवले आणि हवालदाराला विचारले, "तुम्हाला होडीवरच्या खुणा येतात?"

"लहानपण बापाच्या होडीवर गेलंय, साहेब. घरातलं सगळं नाही कळणार, पण पुष्कळ कळेल."

तिने काय सांगितले हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने सावकाश, पुन्हा पुन्हा विचारत हकीकत काढली. दोन्ही जबाब जुळले. म्हाताऱ्याला दुपारी खाटेला बांधून ठेवत. तरुणाने वेत सोलायच्या सुरीने दोरी कापली. आश्रमाच्या राखणदाराने तरुणाला काठीने मारले. मग मास्तर आले.

"मग काल मान का हलवलीस, ते विचारा," मी म्हणालो.

हवालदाराने विचारले. उत्तर पाहून त्याने तेच पुन्हा एकदा विचारले. मग म्हणाला, "साहेब, तो म्हणतो, मास्तरांनी बोट वर केलं की मान हलवायची. नाही हलवली तर ताट मिळत नाही."

मी न बोलता माझे बोट वर केले. काही विचारले नव्हते, कशाची खूण केली नव्हती. त्याने बोटाकडे पाहिले, नजर खाली घातली आणि मान हलवली. बोट खाली घ्यायचे मला सुचले नाही. त्याने पुन्हा मान हलवली.

पोलिसाच्या नोकरीत प्रेते पाहावी लागतात. पण त्या सकाळी जे पाहिले, तसे मी आधी पाहिले नव्हते.

मॅजिस्ट्रेटसाहेबांना सविस्तर कळवून मुदत मागितली आणि सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना घेऊन आश्रमात गेलो. मास्तरांना हवालदाराजवळ कचेरीत बसवले. म्हाताऱ्याला हात धरून वाडीत चिकूच्या झाडाखाली आणले.

"मास्तर इथे नाहीत," मी सांगितले.

त्याने काठी उचलली आणि बसल्या जागेवरून सभोवार फिरवली. काठी कोणाच्या पायाला लागते का, ते तो पाहत होता. ती फक्त माझ्या बुटाला लागली. मग त्याने विचारले, "मना इचारता? मनाच?"

"तुम्हालाच."

म्हातारा मनोरकडच्या डोंगरातला, देवीच्या रोगाने दृष्टी गेलेला. आश्रम बघायला पाहुणे आले असताना त्याने त्यांना सांगितले होते, की आम्हाला बाहेरून कडी लावतात. त्या दिवसापासून त्याला बांधू लागले. मग डॉक्टरांना बोलावले, त्यांनी पट्ट्या सोडल्या. मनगटांवर दोरीचे वळ होते. जुन्या, काळ्या पडलेल्या वळांवर नवे. एका झटापटीत असे वळ उठत नाहीत, हे समजायला डॉक्टर लागत नव्हता. आदल्या दिवशी मी पट्टी सोडायला सांगितली असती, तर तिथेच सगळे कळले असते.

"त्या पोरानं मना सोडवला," म्हातारा म्हणाला. "त्याला कुठं नेला तुमी?"

राखणदार पूर्वी बांधकामावर मजूर होता. दोरीचा कापलेला तुकडा पुढे ठेवल्यावर तो फार टिकला नाही. "साब, मास्टरजी बोले, बाँधो. हम बाँधे," एवढे बोलून तो रडू लागला.

मास्तर मात्र शांत होते. "फौजदारसाहेब, आंधळा माणूस पडेल, विहिरीत जाईल. हे मी त्यांच्या भल्यासाठीच करतो. त्यांना काय कळतं?"

"म्हाताऱ्यानं तुमच्यासमोर एक वाक्य सांगितलं, तुमच्यामागे पाऊण तास बोलला. त्याला कळतं," मी म्हणालो.

ते खरोखरच चकित झाले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्य होते. ते मला अजून विसरता येत नाही.

बेकायदा डांबून ठेवणे आणि इजा करणे यांबद्दल दोघांवर खटला झाला, शिक्षा झाली. आश्रम दुसऱ्या माणसांकडे गेला. म्हाताऱ्याला गावी पोचवायची तयारी केली, तर तो म्हणाला, मी इथेच राहतो, खुर्च्या विणतो. फक्त कडी आतून बसवा. सुतार बोलावून ती माझ्यासमोर बसवली.

माझा पहिला अहवाल कागदपत्रांतून काढून टाकता आला असता. तसे सुचवणारेही भेटले. मी तो ठेवला, आणि स्टेशन डायरीत माझ्या हाताने चूक लिहिली. जखमी इसमास एकांतात विचारले नाही, ताब्यातील इसमाची भाषा जाणणारा मनुष्य शोधला नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत, कोणी दुसऱ्याच्या वतीने बोलू लागला की मी त्याला आधी खोलीबाहेर पाठवत असे. काहींना राग येई. येऊ दिला.

तरुणाला सोडले त्या दिवशी दुरुस्त अहवाल लिहायला बसलो. 'नाव' या रकान्यापाशी थांबून मी बहिणीला विचारणार होतो. मग त्याच्याकडेच वळलो आणि हवालदाराला म्हणालो, "त्याला विचारा."

त्याने मूठ कमरेजवळ धरून हळूच बाहेर वळवली.

"सुकाणू," हवालदार म्हणाला. "होडीवर हाच धरायचा. आळीत याला असंच हाक मारतात."

बहिणीने सांगितलेले नाव मी रकान्यात लिहिले. मग उठून, मूठ कमरेशी धरून, ती खूण करून पाहिली. तो हसला, पुढे आला आणि माझे मनगट धरून त्याने ते सरळ केले. माझे चुकत होते.