गोदाक्का, वर्ग पाच

गेल्या वर्षी मी माझ्या दिवंगत सासूबाईंची सरकारदरबारी उंदराचं औषध म्हणून नोंद केली. हेतू चांगला होता.

तो हेतू आधी सांगतो. सासूबाई देवगडकडच्या. नाव गोदावरी, पण सगळा गाव त्यांना गोदाक्का म्हणायचा, आणि त्यांच्या हातच्या मालवणी मसाल्यासाठी लांबलांबून वाट्या यायच्या. त्या गेल्यावर माझी बायको सुनंदा तो मसाला विक्रोळीला आमच्या घरी करायला लागली आणि बरण्यांवर ‘गोदाक्का’ असं लेबल लावून विकायला लागली. आधी बिल्डिंगमध्ये, मग शेजारच्या दोन बिल्डिंगमध्ये. मग मुलुंडच्या एका किराणा दुकानाच्या शेठकडून निरोप आला की बरण्या फळीवर ठेवायला तयार आहे, फक्त नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केल्याचा कागद आणा. (मागे एकाच नावाचे दोन पापडवाले त्याच्या दुकानात हातघाईवर आले होते म्हणे.) सुनंदाला त्या फळीची फार आस लागली होती. “आईने जन्मभर वाट्या भरभरून मसाला वाटला, तिचं नाव कुठे लागलं नाही,” ती म्हणायची. “एकदा दुकानात लागलेलं बघायचंय मला.”

आता माझ्याविषयी. मी एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो, आणि जुना स्क्रू परत आणून दिल्याशिवाय मी कधी कोणाला नवा स्क्रू दिला नाही. निवृत्त झाल्यावर स्क्रू सुटले, सवय सुटली नाही. दूधवाला हसला तरी मी पिशवीवरची तारीख बघतो. वॉचमनने नमस्कार केला तर हा आज कुठे झोपला होता, असा विचार माझ्या मनात येतो.

आणि लग्न झालं तेही असल्या घरात! गोदाक्कांची शिकवण अशी होती की मसाला कधी एका डंकावर कुटायचा नाही. मिरच्या एका डंकवाल्याकडे, धणे दुसऱ्याकडे, दगडफूल, नागकेसर वगैरे तिसऱ्याकडे. म्हणजे कुठल्याच डंकवाल्याला पूर्ण प्रमाण कळत नाही. सुनंदाही तेच करते. मिरच्या विक्रोळीत, धणे भांडुपला, बाकीचं घाटकोपरला. मग घराचं दार लावून ती सगळं एकत्र करते, आणि तेवढा वेळ मला गच्चीवर पाठवते. लग्नाला तीस वर्षं झाली, पण आमच्या मसाल्यात काय किती पडतं ते मला माहीत नाही. तरी त्याची राखण आपणच करायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

संशय आला तो मे महिन्यात. सुनंदाची धाकटी बहीण मंगल चारकोपला राहते. मिरच्या वाळवायच्या वेळी ती दरवर्षी येते. या वेळी आली, पोटभर जेवली, आणि मग फोन काढून तिने बरणीवरच्या लेबलाचा फोटो घेतला.

“फोटो कशाला गं?” मी विचारलं.

“असाच, भाऊजी. छान दिसतंय ना.”

पाच मिनिटांनी म्हणते, “भाऊजी, नाव रजिस्टर केलंत की नाही?”

आणि निघताना दारात हळूच सुनंदाला, “ताई, तुझ्या आधारची झेरॉक्स दे गं.”

फोटो, नाव, आधार. यातली एकेक गोष्ट निष्पाप असेल, पण तीन एकत्र आल्या की स्टोअरकीपरला झोप लागत नाही. गोदाक्का ही मंगलचीही आई. उद्या तिने हे नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं तर सुनंदाने बरण्यांवर काय लिहायचं? हे सुनंदाला बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण बहिणीबद्दल ती एक अक्षर ऐकून घेत नाही. मी गुपचूप अर्ज करायचं ठरवलं.

वकील शोधला तो घाटकोपरला. विक्रोळीतला नको, विक्रोळीत मंगलची ओळख आहे. (तिची घाटकोपरलाही असेल, पण कुठेतरी जावं लागणारच होतं.) कर्णिक मॅडम म्हणून तिशीतल्या बाई होत्या. समोर कॉम्प्युटर, शेजारी चहा.

“नाव कशासाठी नोंदवायचंय, काका?”

“वस्तूसाठी.”

“कुठली वस्तू?”

मी दाराकडे बघितलं. “ते सांगायलाच पाहिजे का?”

“पाहिजे ना. एकूण पंचेचाळीस वर्ग आहेत. चौतीस वस्तूंचे, अकरा सेवांचे. नाव ज्या वर्गात नोंदवाल त्या मालापुरतं तुमचं. आता बघा, सुका बांगडा एकोणतीसमध्ये येतो, जिवंत बांगडा एकतीसमध्ये.”

“मेल्यावर वर्ग बदलतो?”

“बांगड्याचा बदलतो. कोकम सरबत बत्तीसमध्ये. हॉटेल काढलंत तर त्रेचाळीस. आणि समजा, मसाला असेल तर तीस.”

माझ्या अंगावर काटा आला. मी आत आल्यापासून मसाल्याचा म सुद्धा काढला नव्हता. मग हिला कोणी सांगितलं? मंगल इथे येऊन गेली होती की काय? (शर्टाला मसाल्याचा वास येत असेल, हे मला दोन महिन्यांनी सुचलं.)

“मसाला अजिबात नाही,” मी ठणकावून सांगितलं.

“बरं. मग काय आहे?”

“पावडर. लाल. घरगुती.”

“अंगाला लावायची?”

“छे छे. अंगाला लागली तर आग होते. डोळ्यात गेली तर विचारू नका.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “मग पोटात घ्यायची?”

“पोटात जाते, पण नुसती नाही. सुक्या बांगड्यात नाहीतर कोळंबीत मिसळून ठेवायची. वास आला की असतील तिथून धावत येतात.”

“आणि खाल्ल्यावर?”

“आधी घाम फुटतो. मग पाणी पाणी करतात.”

“घरात ठेवता कुठे?”

“माळ्यावर. पोरांचा हात लागायला नको.”

बाईंचा चेहरा उजळला. “मग असं सांगा ना काका, यात लपवण्यासारखं काय आहे? वर्ग पाच.”

एवढं सगळं बोलूनही बाईंना मसाल्यातल्या एकाही पदार्थाचा पत्ता लागू दिला नाही, म्हणून मी स्वतःवर खूष झालो. हे नाव आधी कोणी घेतलंय का याचा शोध घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं, शोध घेतला की चार लोकांना कळतं. मग त्यांनी नाव टाइप केलं आणि थांबल्या.

“गोदाक्का. नाव वेगळंच आहे. या कोण?”

“माझ्या सासूबाई.”

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग चहाचा कप माझ्यापासून जरा लांब सरकवला.

सही करण्यापूर्वी मी कागद दोनदा वाचला. सगळं इंग्रजीत होतं. मालाच्या वर्णनात ‘व्हर्मिन’ असा एक शब्द होता, त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. पण त्यात मिरची, धणे, दगडफूल यांतलं काही नव्हतं, एवढी खात्री करून मी समाधानाने सही ठोकली. कागद घरी आणून पंचांगात लपवला.

जुलैमध्ये आम्ही मुलुंडला शेठकडे गेलो. आम्ही म्हणजे सुनंदा, मी आणि मंगल. मंगल कशाला, असं मी विचारलं तर सुनंदा म्हणाली, “येऊ दे की. आई तिचीपण होती.” त्यामुळे मी पिशवी छातीशी धरूनच दुकानात शिरलो.

शेठने बरणी उघडली, वास घेतला, चांगला चमचाभर मसाला तळहातावर घेतला आणि जिभेवर टाकला.

“एक नंबर माल आहे, ताई,” शेठ म्हणाला. “पेपर आणला काय?”

सुनंदाने मंगलकडे बघितलं. मंगलचा हात पर्समध्ये गेला. हीच ती वेळ, असं म्हणून मी पुढे झालो आणि माझा कागद काउंटरवर ठेवला. सुनंदाने डोळे मोठे केले. मंगलचा हात पर्समध्येच राहिला. मी मंगलकडे असं बघितलं की तिला सगळं कळावं.

शेठने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.

“काका, ये उंदीर मारने की दवा है?”

“काहीतरीच काय,” मी म्हटलं.

“इथे लिहिलंय ना. क्लास पाच. उंदीर, घूस, झुरळ.”

नेमका तेव्हाच मसाला चढला. आधी त्याला घाम फुटला, मग तो पाणी पाणी करायला लागला. अगदी मी कर्णिक मॅडमना सांगितलं होतं त्याच क्रमाने. तूरडाळ घ्यायला आलेल्या एका बाईंनी डाळीची पिशवी हळूच परत ठेवली आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

“शेठ, घाबरू नका,” मी म्हटलं, “ते खोटं आहे. मीच मुद्दाम खोटं सांगितलं होतं.”

“कोणाला? सरकारला की मला?” शेठ घोटाघोटांमधून म्हणाला.

सुनंदाचा चेहरा बघवत नव्हता. तिची फळी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. तेवढ्यात मंगलने पर्समधून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं आणि शेठपुढे धरलं. नाव गोदाक्का. वर्ग तीस, मसाले. अर्जदार सुनंदा. मे महिन्यातला अर्ज. खाली बरणीच्या लेबलाचा फोटो, सोबत आधारची झेरॉक्स.

शेठने तो कागद तीनदा वाचला, अजून एक ग्लास पाणी प्यायला आणि विचारलं, “मग पहिला कोणी केला?”

“आमच्या ह्यांनी,” सुनंदा म्हणाली.

शेठने माझ्याकडे बघून मान हलवली, जशी आजारी माणसाकडे बघून हलवतात. बरण्या ठेवायला तो तयार झाला. अट एकच घातली, माल पोचवायला काकांना पाठवायचं नाही.

आम्ही बाहेर बस स्टॉपवर आलो. मीच सुरुवात केली.

“मला आधी सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मंगल नाव ढापायला बघतेय,” सुनंदा म्हणाली.

“मी असं कधी...”

“मग अर्ज कशासाठी केलात?”

मी मंगलकडे वळलो. “तू स्वतःचं नाव का नाही घातलंस? आई तुझीपण होती ना.”

“माका काय करूचा आसा, भाऊजी?” मंगल हसत म्हणाली. “आवशीचो मसालो ताई करता. मी नुसतो खातंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मे महिन्यापासून मी जिच्यावर पहारा देत होतो, ती चारकोपहून दोनदा फक्त बहिणीच्या सह्या घ्यायला आली होती. मी बस कुठे दिसते का ते बघू लागलो.

“तो तुमचा कागद बघू जरा,” सुनंदा म्हणाली. तिने तो उघडून वरपासून वाचला. “अर्जदार कोण आहे यात?”

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“कोण आहे?”

“मी,” मी म्हटलं. हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

“म्हणजे आईचं नाव स्वतःच्या नावावर करून घेणारा सगळ्या घराण्यात एकच माणूस निघाला,” सुनंदा म्हणाली आणि कागदाची घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मला घाटकोपरला नेलं. कर्णिक मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. म्हणाल्या, अर्ज मागे घ्यायचं पत्र करते. माझ्या मनात आलं, मी मागे घेतला आणि उद्या दुसऱ्याच कोणी गोदाक्काच्या नावाने उंदराचं औषध काढलं तर? पण सुनंदा माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी तो विचार गिळला.

“कारण काय लिहू?” मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, “लिहा, अर्जदार.”

पत्र तयार झालं. तिने पेन माझ्या हातात दिलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षरही न वाचता सही केली. (झेरॉक्स मात्र मागून घेतली.)