पिवळी केलेली बोडी

ती बोडी आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि निम्मं तरी माझ्या स्वतःवरच तापतं.

मोहाडीच्या बाजूला एका लहान गावी मी ठाणेदार होतो. एका सकाळी एक लेआउटवाला, म्हणजे प्लॉट पाडून विकणारा, फिर्याद घेऊन आला. बोडीवर, म्हणजे तिथल्या लहान तलावावर, एक मासेमार त्याच्या मुरुमाच्या टिप्परसमोर आडवा झाला होता. लेआउटवाल्याच्या हातात सही-शिक्क्याची विकास परवानगी होती. मी मासेमाराला आणलं, प्रतिबंधात्मक कारवाई केली, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मोकळा झालो.

“साहेब, आमी चार घरं त्या बोडीवरच जगतो जी,” तो म्हणाला. साठीचा शांत माणूस. “पहिल्या नकाशात थे पिवळी केली होती. आमी हरकत घेतली, मंग निळी झाली.”

“त्यांच्याकडे परवानगी आहे ना?”

“परवानगी कोनं देल्ली थे मले काय मालूम? तुमी नकाशा तं पाहा.”

संध्याकाळी हमीपत्र घेऊन त्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी तो हरकतीच्या सुनावणीची नोटीस घेऊन दारात हजर. तेव्हा कुठे मी विकास आराखडा मागवला. कायदा सरळ आहे. आराखड्यात निळं ते पाणी, पिवळं ती राहती वस्ती, आणि बांधकामाची परवानगी आराखड्याबाहेर जाऊन देता येत नाही. पण नगरपंचायत म्हणे, मंजूर नकाशा नगररचना कार्यालयात. नगररचना म्हणे, नगरपंचायतीत. एका बाबूने तर मलाच विचारलं, “साहेब, परवानगी आहे, मग नकाशा कशाला?” घराला दार आहे, मग भिंत कशाला, असं विचारण्यातला हा प्रकार. इकडे टिप्पर चालूच होते. परवानगी असलेलं काम मी कोणत्या कलमाखाली थांबवणार?

दहा-बारा दिवसांनी परवानगीची फाईल मिळाली. आत आराखड्यातला त्या भागाचा नकाशा, त्यावर ‘मंजूर’ शिक्का, आणि बोडी पिवळीधमक. मी मासेमाराला बोलावून नकाशा दाखवला. तो पाहून म्हणाला, “मंग आमी का खोटं बोलून राहिलो?” मी प्रकरण बंद करायच्या बेतात होतो.

माझा जमादार कोष्ट्याच्या घरचा. तो टेबलाशी वाकला आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “साहेब, हा रस्ता आमच्या मोहल्ल्यातून काहून जाते? इथं तं आमी ताणा लावतो.”

हातमागाचे लांब धागे पसरायला मोकळी सरळ जागा लागते. ती रस्त्यात जाऊ नये म्हणून विणकरांनीही हरकत घेतली होती, ती मान्य झाली होती आणि मंजूर आराखड्यात रस्ता बाजूला सरकला होता. म्हणजे समोरचा नकाशा हरकतींच्या आधीचा, प्रारूप होता. शिक्का तेवढा नवा.

नकाशा जोडणाऱ्या खासगी ड्राफ्ट्समनला बोलावलं. हात लावला नाही. फक्त नकाशा समोर ठेवून विचारलं, “हा रस्ता कुठे आहे, चल दाखव.” तो गडबडला. अर्ध्या तासात कबूल झाला. लेआउटवाल्याच्या सांगण्यावरून त्याने प्रारूपावर बनावट शिक्का मारला होता.

“मले वाटलं, बोडीच तेवढी बदलली असन,” तो म्हणाला. मासेमारांखेरीज गावात आणखी कोणी नकाशा वाचला असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि परवानगीवर सही करणाऱ्यांनी तर तो वाचलाच नव्हता. राग ड्राफ्ट्समनपेक्षा त्यांचाच जास्त आला.

गुन्हा नोंदला, दोघांना अटक झाली, मंजूर आराखड्याची प्रमाणित प्रत आली, परवानगी रद्द झाली. तोवर अर्धी बोडी मुरुमाने भरली होती. मुरूम काढायचा तर वेगळा प्रस्ताव, वेगळी मंजुरी. माझी बदली झाली तेव्हा तो प्रस्ताव टेबलाटेबलावर फिरत होता.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. सही-शिक्का पाहून थांबायचं नाही. तो ज्याच्या आधारावर मारला, तो कागद मागायचा. पुढे प्रत्येक गुन्ह्यात मागितला. पण हे शहाणपण मला ज्याच्यामुळे आलं, त्याच्या ते कामी आलं नाही.

निरोपाच्या दिवशी तो मासेमार आला. आभार मानायला आला असेल असं मला वाटलं.

“साहेब,” तो म्हणाला, “ज्या दिवशी मले ठाण्यात बसवलं, थ्या दिवशीच नकाशा पाहाचा होता.”

मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला.